तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे प्रश्न: अडकलेलं बिल, अनुभवाचा दाखला आणि एकत्र येणं

मागच्या अंकात कॉलेजांमधल्या रिकाम्या जागांवर लेख आला होता, त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये आणि व्हॉट्सअप मेसेजमध्ये सगळ्यात जास्त सीएचबीवाल्यांचे, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर, तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवणाऱ्यांचे आहेत. सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं, कॉलेजं मुद्दाम काढून टाकलीत कारण पुढच्या वर्षीची मुलाखत प्रत्येकालाच द्यायचीय.

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते. सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) आहे, पीएचडी झालीय. यंदा ऑगस्टमध्ये तास सुरू झाले आणि आता मार्च आला तरी एक रुपया हातात नाही. ऑफिसात विचारलं की "बिल जेडी ऑफिसला गेलंय" एवढंच उत्तर मिळतं, जेडी म्हणजे उच्च शिक्षणाचे विभागीय सहसंचालक. कॉलेजात आम्ही सोळा जण सीएचबीवर आहोत पण बोलायला कोणी तयार नाही, पुढच्या वर्षी घेतलंच नाही तर काय म्हणून. घरचे म्हणतात सोडून दे. एकत्र यायचं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर: ताई, सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण सोडायचं झालं तरी केलेल्या तासांचे पैसे घेतल्याशिवाय सोडू नका. ते तुमचे आहेत.

तुम्ही सोळा जण गप्प का आहात हे मला चांगलं माहितीय, मीसुद्धा परमनंट व्हायच्या आधी तासांवर काम केलंय आणि नंतर बरीच वर्षं संघटनेत असताना हेच बघत आले. भीती तर असतेच, पण भीतीपेक्षा जास्त गप्प बसवते ती आशा. जागा निघेल, आपण इतकी वर्षं इथे राबलोय, सर आपल्याला ओळखतात, आपल्यालाच घेतील. आता इतिहासाची जागा निघालीच तर ती एक निघणार आणि तुमच्या शेजारी बसून चहा पिणारी मैत्रीणसुद्धा त्याच जागेवर डोळा ठेवून आहे, मग तुम्ही दोघी एकमेकींशी मनातलं बोलणार कशा? म्हणून सुरुवात परमनंट करा या मागणीने करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मागणी बरोबरच आहे, ती सोडायचीही नाही, पण पहिल्या दिवशी तीच घेतली की सोळा जणांचे सोळा उमेदवार होतात. सुरुवात अशा गोष्टींनी करा ज्या एकाला मिळाल्या की सगळ्यांनाच मिळतात: लेखी नेमणूक ऑर्डर, दर महिन्याला बिल, अनुभवाचा दाखला.

आता बिलाचं. "जेडी ऑफिसला गेलंय" हे वाक्य ऐकून परत यायचं नाही. बिलात प्रत्येकाचा तासनिहाय तक्ता असतो, तारीख, वर्ग, वेळ, शिकवलेला भाग, खाली एचओडी आणि प्राचार्यांची सही. त्याला विद्यापीठाचं अप्रूव्हल, वर्कलोडचा कागद आणि नेमणुकीची ऑर्डर जोडावी लागते. मी एकदा एका कॉलेजचं परत आलेलं बिल टेबलावर पसरून पाहिलं होतं, त्यात एका सरांचा एक तास गुढीपाडव्याला दाखवला गेला होता, लिहिताना तारीख चुकली असणार. तेवढ्या एका ओळीवर लाल पेनने गोल करून 'त्रुटी' लिहिलं होतं आणि त्यासाठी सगळ्या कॉलेजचं बिल परत, ते दुरुस्त होऊन पुन्हा वर जाईपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी लागली. ज्यांचा एकही आकडा चुकला नव्हता ते लोकसुद्धा वाट बघत बसले. म्हणजे इथे दुसऱ्याचा कागद बरोबर असणं ही तुमचीही गरज आहे. त्यामुळे पहिलं काम हे करा की महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांचे तक्ते तपासायचे, सुट्ट्यांची यादी समोर ठेवून, आणि मगच ऑफिसला द्यायचे, दिल्याची पोच घ्यायची, फोटो काढून ठेवायचा. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नाही, प्राचार्यही खूश होतील, आणि तुमची महिन्याला एक बैठक आपोआप सुरू होते. संघटना अशीच सुरू होते हो, बॅनर नंतर येतो.

दुसरं काम निवेदनाचं. एका पानाचं, तीनच मुद्दे, आणि सह्या सगळ्यांच्या. सह्या एकाखाली एक करू नका, पहिली सही कोणाची यावरूनच घोडं अडतं आणि ज्याची वर असते त्याला बोलावून घेतलं जातं. गोलात सह्या करा. प्राचार्यांना द्या, एक प्रत संस्थेच्या सचिवांना, एक विभागीय सहसंचालकांना, आवक नंबर घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: आमच्या कॉलेजचं सीएचबी बिल कोणत्या तारखेला मिळालं, आज कोणाच्या टेबलावर आहे, परत पाठवलं असेल तर कोणत्या त्रुटीसाठी. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. राज्याचा २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, त्यात साधारणपणे एका टेबलावर फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं लिहिलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा. हा अर्ज तुमच्यातल्या कोणाच्या नावाने नको असेल तर दुसऱ्या कॉलेजच्या सीएचबीने करावा आणि त्यांच्या कॉलेजचा तुम्ही. माहिती मागायला कोणाला कारण द्यावं लागत नाही.

रजिस्ट्रेशनची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवता येते, पण जिल्ह्यातल्या चारपाच कॉलेजांचे लोक महिनोन्‌महिने नियमित भेटायला लागले की मग करा. तोपर्यंत प्राध्यापकांच्या संघटना आहेतच, तुमच्या भागात बामुक्टो आहे, मुंबईत बुक्टू, पुण्याला पुक्टो, कोल्हापुरात सुटा, विदर्भात नुटा, यांच्या स्थानिक माणसाला जाऊन भेटा. नेट-सेटवाल्यांच्या संघटना पुण्याला उच्च शिक्षण संचालनालयासमोर आणि आझाद मैदानावर बसत आल्यात, त्यांच्या ग्रुपमध्ये राहा, जीआर सगळ्यात आधी तिथे येतात.

आणि एक हिशेब सगळ्यांनी वहीत लिहून ठेवा, कारण कोणी म्हणतं की तुम्हाला तासाला ९०० मिळतात, वाईट काय आहे. एका रिकाम्या जागेवर दोन सीएचबी बसवतात, प्रत्येकाला आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. ९ गुणिले ४ गुणिले ९००, झाले ३२,४००, तेही एकही सुट्टी नसलेल्या महिन्यात, आणि असा महिना कॉलेजात नसतोच. दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, परीक्षेच्या महिन्यात नाहीत, उन्हाळ्यात तर नाहीतच. युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जानेवारी २०१९ मध्ये गेस्ट लेक्चररला तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्या म्हणून सांगितलंय. त्याच जागेवर परमनंट माणूस बसला तर सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. आणि नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी परिषद) फाइल, ऍडमिशनसाठी गावोगाव फिरणं, गॅदरिंग, सुपरव्हिजन, ही सगळी कामं सीएचबीवाले करतात, ती कुठल्याच तक्त्यात येत नाहीत. तीही तारखेसकट लिहून ठेवत जा, उद्या बोलायला बसाल तेव्हा लागतील.

प्रश्न: आठ वर्षं सीएचबी केलंय. मुलाखतीत म्हणतात हा अनुभव धरला जात नाही. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. युजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये मागची सर्व्हिस धरायची असेल तर एक अट आहे, तुमचं मानधन परमनंट असिस्टंट प्रोफेसरच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावं. सीएचबीत हे शक्यच नाही, म्हणजे ज्यांना कमी पैसे दिले त्यांचीच वर्षं पुसली जातात आणि हे मला फार लागतं. पण त्याच रेग्युलेशनमध्ये कॉलेजच्या मुलाखतीला बोलावण्यासाठी जे गुण आहेत त्यात शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १० गुण आहेत, वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात. हे दोन वेगळे नियम आहेत, समोरचा माणूस पहिला सांगून तुम्हाला दुसऱ्यापासून घालवत असेल तर लेखी विचारा. दाखला दरवर्षी एप्रिलमध्येच घ्या. त्यात पासून-पर्यंतच्या तारखा, विषय, आठवड्याचे तास, विद्यापीठाच्या अप्रूव्हलचा नंबर हवा. 'समाधानकारक काम केले' एवढाच दाखला असेल तर तो परत करून नीट करून मागा, प्राचार्य बदलले की मागचं कोणी लिहून देत नाही.

प्रश्न: मी पाच महिन्यांची गरोदर आहे. एचओडी मॅडम म्हणाल्या की सीएचबीला रजा नसते, तू यावर्षी थांब, पुढच्या वर्षी बघू. त्या वाईट नाहीत, काळजीनेच म्हणाल्या असतील. पण पुढच्या वर्षी खरंच घेतील का?

उत्तर: काळजी असेलही, तरी थांबू नका आणि स्वतःहून राजीनाम्यासारखं काहीही लिहून देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी सांगून बाई आपणहून गेली की कागदावर काहीच उरत नाही. बाळंतपणाच्या रजेचा साधा अर्ज करा, डॉक्टरांच्या तारखेसकट, आणि पोच घ्या. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी लेखी म्हणावं.

दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात ऍडहॉक शिकवणाऱ्या बाईंनी अशीच रजा मागितली होती, त्यांना पुढची नेमणूकच दिली नाही, मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं, त्यांना परत घ्यायला सांगितलं आणि वर कॉलेजला ५०,००० रुपये खर्चही लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कंत्राटी डॉक्टर बाईंच्या केसमध्ये सांगितलं की कंत्राटाची मुदत संपली तरी बाळंतपणाचे फायदे त्यापलीकडे द्यावे लागतात. या दोन्ही केसेस तासांवरच्या मानधनाच्या नव्हत्या, त्यामुळे तुमच्या कॉलेजने लगेच मान डोलवावी असं होणार नाही, पण अर्जाबरोबर या निकालांच्या प्रती जोडल्या की 'नसते' असं म्हणणं सोपं राहत नाही. आणि हा अर्ज तुमच्याबरोबर आणखी चार जणी घेऊन जाऊन द्या, ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी तर आवर्जून जावं. आत्ता ज्या तिशीत आहेत त्यांच्यापैकी किती जणींनी या भीतीपायी मूल लांबवलंय हे मी पत्रांमधून वाचते आणि मला रात्री झोप लागत नाही.

जाता जाता, दुसऱ्या एका ताईंनी वेगळं विचारलंय, त्याचंही इथेच: लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तात्पुरती, ऍडहॉक, रोजंदारीवरची बाई स्पष्ट लिहून घेतलेली आहे. अंतर्गत समितीकडे तक्रार करायला परमनंट असावं लागत नाही.

प्रश्न: पुण्याजवळच्या विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. महिना १४ हजार, पीएफ नाही. मागितला तर म्हणतात तू व्हिजिटिंग आहेस.

उत्तर: रोज जाऊन मस्टरवर सही करत असाल तर व्हिजिटिंग म्हटल्याने फरक पडत नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या शिक्षणसंस्था पीएफमध्ये येतात आणि १५,००० पर्यंतच्या पगाराला तो कापणं बंधनकारक आहे. सहीच्या पानाचे फोटो, बँकेत पगार आल्याच्या नोंदी, टाइमटेबल जमवा आणि पीएफ ऑफिसच्या तक्रार पोर्टलवर टाका, शक्यतो पाचसहा जणांनी एकाच आठवड्यात, म्हणजे तपासणी एका माणसाची न होता संस्थेची होते. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात शिक्षक येतात हेही सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२२ मध्ये पक्कं केलंय, त्यामुळे कामाचे जुने कागद फेकू नका.

प्रश्न: समान काम समान वेतन म्हणून आम्ही काही जण वर्गणी काढून हायकोर्टात जायचं म्हणतोय. जावं का?

उत्तर: आधी ठरवा की मागणार काय आहात, कारण लोक दोन गोष्टी एकात घालतात आणि वकीलही घालू देतात. नोकरीत कायम करा ही एक मागणी, कामाइतके पैसे द्या ही दुसरी. पहिलीच्या आड २००६ चा उमादेवी निकाल येतो, घटनापीठाचा आहे, नियमित भरतीच्या वाटेने न आलेल्याला नुसतं बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क नाही असं त्यात आहे. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारला सुनावलंय की उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं माणसं तात्पुरती ठेवू नका, पण तरीही ही वाट चढाची आहे. दुसरी मागणी मात्र कायद्यात बरीच भक्कम आहे. २०१६ चा जगजित सिंग निकाल आहे, तात्पुरत्या माणसालाही समान कामाला समान वेतन द्या सांगणारा. आणि गुजरातच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२५ चा निकाल तर प्रत्येक सीएचबीने वाचावा असा आहे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातले कंत्राटी असिस्टंट प्रोफेसर, महिना ३०,००० वर, आणि शेजारच्या खोलीत तेच शिकवणारा परमनंट १,३६,९५२ वर. कोर्टाने म्हटलं की समारंभांत गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू म्हणत राहणं पुरेसं नाही, आणि असिस्टंट प्रोफेसरच्या श्रेणीतलं किमान वेतन द्यायला लावलं.

फरक एवढाच की ते लोक पूर्ण वेळ काम करत होते आणि महाराष्ट्रात ९ तासांची मर्यादा घालून आपल्याला कागदावर अर्धवेळ करून ठेवलंय. सरकारी वकील नेमका हाच मुद्दा काढणार. त्यामुळे जायचं तर जरूर जा, पण आधी वर्षभराचं काम कागदावर आणा, कॉलेजात किती वाजता आलात, किती वाजता गेलात, कुठली कमिटी, किती पेपर तपासले. वर्गणी देणाऱ्यांची यादी, पावती आणि हिशेब दर महिन्याला सगळ्यांना दिसू द्या, पैशावरून फुटलेले चांगले ग्रुप मी पाहिलेत.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीला असते, इथल्या एका काउंटी कॉलेजात ऍडजंक्ट (कोर्सपुरती तात्पुरती शिक्षिका) म्हणून स्टॅटिस्टिक्स शिकवते. तुमचा लेख बहिणीने पाठवला. वाचून वाटलं की आमचंही असंच आहे, सेमिस्टरपुरतं काम, इन्शुरन्स नाही. इथल्या रटगर्सच्या संपाबद्दल भारतात लिहिलं गेलं का?

उत्तर: फारसं नाही, म्हणून तुमचं पत्र घेतलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात: रटगर्स हे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, तिथे एप्रिल २०२३ मध्ये अडीचशे वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा शिक्षकांचा संप झाला, सुमारे ९,००० लोक बाहेर पडले, पाचसहा दिवसांत गव्हर्नरने दोन्ही बाजूंना ट्रेंटनला बोलावून बसवलं आणि तत्त्वतः समझोता झाला. त्यात ऍडजंक्ट लोकांचा क्रेडिटमागचा दर करारभरात ४३.८ टक्क्यांनी वाढला. पण आकड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तीन युनियन एकत्र उतरल्या होत्या, फुल टाइम प्रोफेसर आणि पीएचडीच्या मुलांची एक, मेडिकलच्या लोकांची एक आणि ऍडजंक्टची एक, आणि सगळ्यात जास्त पगाराच्या माणसांनी सगळ्यात कमी पगाराच्या माणसांची मागणी आपल्या यादीत वर ठेवली. तुमच्या कॉलेजात ऍडजंक्टचं युनियन आहे का ते बघा, न्यू जर्सीत बऱ्याच ठिकाणी आहे, मेंबर व्हा, आणि तिथला करार वाचून त्यात दर, मुदत, क्लास आयत्या वेळी रद्द झाला तर भरपाई याबद्दल काय आहे ते आम्हाला मराठीत लिहून पाठवा, इथे तसा लेखी करार बघायलाही मिळत नाही.

प्रश्न: मी परमनंट आहे, सव्वीस वर्षं झाली. माझ्या विभागात आता मी एकटाच परमनंट आणि तीन सीएचबी. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. पण स्पष्ट विचारतो, आम्ही परमनंट लोकांनी काय करायचं? आमच्या संघटनेचे तर बोलतातच.

उत्तर: सर, विचारलंत याचा आनंद झाला, परमनंट माणसाचं या ढिगातलं हे एकच पत्र आहे.

संघटना बोलते हे खरंय. एमफुक्टोने, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, २५ सप्टेंबर २०१८ पासून कामबंद आंदोलन केलं तेव्हा रिकाम्या जागा भरा आणि सीएचबीवाल्यांना नीट पगार द्या या मागण्या यादीत होत्याच. पण यादीत असणं आणि त्यासाठी अडून बसणं यात फरक आहे, आणि तो फरक तुमच्या विभागातल्या त्या तिघांना समजतो. आपला पगार एक तारखेला जमा होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऑगस्टपासून काही मिळालेलं नाही हे स्टाफरूममध्ये मोठ्याने बोललं जात नाही. ते बोला.

आणखी एक गोष्ट आहे जी फक्त तुम्हीच करू शकता. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शिक्षकाच्या व्याख्येतच पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असं आहे, म्हणजे सीएचबीला सिनेटला मत नाही, कुठल्या समितीत जागा नाही, त्याचं म्हणणं कागदावर यायला दारच नाही. तुम्हाला आहे. त्याच कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, तीत शिक्षकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात आणि वर्षातून निदान चार बैठका घ्याव्याच लागतात. तुमच्या प्रतिनिधीला सांगून पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन ओळींचा विषय लेखी द्या: या वर्षीची सीएचबी बिलं कोणत्या तारखेला पाठवली, किती परत आली, अनुदान येईपर्यंत संस्था आपल्या निधीतून दरमहा उचल देईल का. शेवटचा मुद्दा वाचून संस्थाचालक नाराज होतील, पण मनावर घेतलं तर हे अवघड नाही, अनुदान आलं की उचल वळती करता येते. विषय मिनिट्समध्ये आला की प्राचार्यांना पुढच्या बैठकीत त्यावर काय केलं ते सांगावं लागतं, आणि मिनिट्सची प्रत त्या तिघांच्या हातात द्या.